कोयनेलवाले नाना

"गिळलंस? मग आता नवऱ्याचं नाव सांग."

पोलादपूरच्या बाजाराच्या दिवशी धर्मादाय दवाखान्यासमोर हे वाक्य सारखे ऐकू येई. समोर एखादी बाई गाल फुगवून, पदर ओठांवर धरून उभी असे. तिच्या तोंडात कोयनेलाचे, म्हणजे हिवतापावरच्या क्विनीनचे, कडू औषध असे आणि ते गिळण्याचा तिचा मुळीच विचार नसे. भिंतीच्या कोपऱ्यामागे जायचे आणि थुंकून टाकायचे, एवढाच तिचा बेत. पण नवऱ्याचे नाव म्हटले की ती लाजून चूर होई. "इश्श, काय तरी तुमचं नाना!" असे म्हणायला तोंड उघडावे लागे, आणि तोंड उघडायचे तर आधी गिळावे लागे. मग तिने नाव घेतले नाही तरी चाले. नाना मापाचा पेला विसळून पुढच्या बाईकडे वळलेले असत.

एकदा एका म्हातारीने औषध गटकन गिळून खणखणीत आवाजात सांगितले, "म्हादू. मरून पंधरा वर्सं झाली, आता कसली लाज?"

"मग तुला नवऱ्याचं विचारून उपयोग नाही. सवतीचं सांग."

"सवत नव्हती मला."

"म्हणजे सगळं एकट्या म्हादूनेच सोसलं म्हण की."

रांगेतली सगळी माणसे हसली. हुडहुडीने ज्यांचे दात वाजत होते, तीही हसली. म्हातारीही हसली.

नानांविषयी लिहावे की नाही याचा मी बरेच दिवस विचार करतो आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेले नाही, आणि माणसाबद्दल कसे लिहावे हे मला नीट माहीत नाही. त्यांचे पूर्ण नावसुद्धा मी कधी विचारले नाही. ते दासगावच्या बाजूचे होते, तरुणपणी मुंबईच्या एका इस्पितळात कामाला होते आणि तिथेच औषधे मिसळायला शिकले, एवढेच ठाऊक आहे. कंपाउंडरची परीक्षा त्यांनी दिली होती की नाही, हे पोलादपुरात कोणी विचारले नाही. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने आपल्या आईच्या नावाने दवाखाना काढला होता. पंधरा दिवसांतून एकदा महाडहून डॉक्टर येत. बाकीचे दिवस दवाखाना म्हणजे नाना.

आमची वाडी पोलादपूरपासून तासाभराच्या चढावर आहे. खाली सावित्रीच्या काठाला भात, वर उतारावर नाचणी आणि वरी. घरे गवताने शाकारलेल्या केंबळाची, इतकी ठेंगणी की आत शिरताना लहान मुलांनाही मान वाकवावी लागते. एका बाजूला गुरे, दुसऱ्या बाजूला माणसे, मध्ये चूल. पावसाळा सरत आला आणि भात पोटरीला आले की ताप सुरू होई. एक दिवस थंडी वाजून अंग भाजून निघायचे, दुसऱ्या दिवशी माणूस उठून कामाला लागायचा, तिसऱ्या दिवशी पुन्हा अंथरुणात. लोकांना याची इतकी सवय झाली होती की कापणीची माणसे ठरवतानाही तापाचा हिशेब धरत. "उद्या माझी पाळी हाय, परवा येतो," असे एकजण म्हणे. दुसरा म्हणे, "परवा माझी, मी उद्या जातो." आणि कोणाला त्यात काही विशेष वाटत नसे. मलाही वाटत नव्हते. सगळ्या जगात माणसे अशीच दिवसाआड जगतात, अशी माझी समजूत होती. कॉलेजात गेल्यावर प्रथमच मी अशी मुले पाहिली, ज्यांची पोटे सपाट होती.

पोटाचे सांगतो. आमच्याकडच्या मुलांच्या हातापायांच्या काड्या आणि पोट तेवढे पुढे आलेले असे. नाना मुलाला उताणे निजवत आणि डाव्या बरगडीखाली बोटे टेकवून पानथरी, म्हणजे प्लीहा, तापाने किती वाढली ते बघत. "दोन बोटं," ते म्हणत. किंवा "चार बोटं." एकदा माझ्यासमोर त्यांनी एका मुलाच्या पोटावर बोटे ठेवली, काढली आणि पुन्हा ठेवली. मुलाच्या आईने विचारले, "किती हो?" नाना म्हणाले, "वाढत्या अंगाचं पोर आहे, सगळंच वाढायचं." नंतर ती गेल्यावर त्यांनी आपली बोटे धोतराला पुसली. पुसण्यासारखे त्यांना काही लागले नव्हते.

ते उंच आणि वाळलेले होते. इस्पितळातला जुना पांढरा कोट बाराही महिने अंगात असे; तो पांढरा होता हे मात्र सांगावे लागे. उजव्या कानाने त्यांना फार कमी ऐकू येई. वर्षानुवर्षे कोयनेल खाऊन कान गेला असे ते म्हणत. कोयनेल पोटात गेले की कानात भुंगा शिरल्यासारखा आवाज होतो, हे आमच्याकडे सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे परत आलेल्या रोग्याला नानांचा पहिला प्रश्न असे, "कान वाजले का?" वाजले म्हटले तर माणूस खरा. नाही म्हटले तर नाना आपला चांगला कान त्याच्या तोंडाजवळ नेत आणि म्हणत, "आता खरं सांग, कुठल्या झाडाला पाजलंस?"

औषध थुंकणारे एक, तसे ते साठवणारे दुसरे. दोन दिवसांत ताप उतरला की उरलेली बाटली लोक जपून ठेवत. पुढच्याला उपयोगी पडेल, असा विचार. ठेवायची जागाही ठरलेली, देवापाशी. कारण घरात तेवढ्या एकाच जागी मुलांचा हात जात नसे. नाना महिन्यातून एखादेवेळी चढ चढून आमच्या वाडीत येत आणि घरोघरच्या देवांचे दर्शन घेत. हात जोडत, आणि टाकांच्या मागून बाटली काढत.

"हे कोणाचं?" त्यांनी एकदा आमच्या घरी माझ्या आईला विचारले.

"धाकट्याचं. बरा झाला तो."

"मग हे आता खंडोबा पिणार?"

"पुढच्या तापाला होईल म्हटलं."

"अगो बाय, हे आत्ता संपवलं नाहीस म्हणूनच पुढचा ताप यायचाय." आणि धाकट्याला अंगणातून पकडून आणून त्यांनी बाटली तिथल्या तिथे त्याच्या घशात रिकामी केली, दोन वेळचे एकदम. धाकटा त्या दिवशी संध्याकाळपर्यंत कान धरून फिरत होता.

मच्छरांवरून मात्र त्यांचे कोणाशी जमले नाही. घाटरस्त्यासाठी मुरूम काढलेले खड्डे पोलादपूरच्या बाहेर होते, त्यांत पाणी साठून राही. नाना रविवारी कंदिलाचे घासलेट घेऊन जात आणि त्या पाण्यावर ओतत. लोकांना ते वेडेपण वाटे. ज्या घरात दिव्याला घासलेट नसे, त्या घरची माणसे रस्त्यावर उभी राहून बघत. एक आजीबाई शेवटी त्यांना म्हणाली, "मच्छर चावल्यान् ताप येतो ना? मग बैलांना का येत नाय? त्यांना तर कपडा पण नाय."

नानांनी उरलेले घासलेट ओतून डबा उलटा केला. मग म्हणाले, "तुझ्या बैलाला विचारून सांगतो."

त्या दिवसानंतर ते दवाखान्यातून बाहेर पडले की पोरे ओरडत, "नाना, बैल काय म्हणाला?" नाना न चिडता उत्तर देत, "अजून विचार करतोय." पण खड्ड्यांवर जाणे त्यांनी सोडले नाही.

आता ज्या वर्षाबद्दल सांगायचे त्याच्याकडे येतो.

त्या वर्षी मुंबईच्या गिरण्या बरेच दिवस बंद होत्या. आमच्या खोऱ्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरातली कर्ती माणसे गिरणीत. ती सगळी गावी परतली. एरवी चार माणसे निजत त्या जागेत आठ निजू लागली. मुंबईत वाढलेल्या मुलांना आमचा ताप माहीत नव्हता, त्यांना तो फार जोरात आला. आणि त्याच सुमारास दवाखाना काढणारे व्यापारी वारले. दर वर्षी पावसाळा सरला की बोटीने महाडच्या बंदरात कोयनेलाचे दोन डबे येत. त्या वर्षी एक आला, आणि दुसऱ्याबद्दल नानांनी लिहिलेल्या पत्राला व्यापाऱ्याच्या मुलांनी उत्तर दिले नाही. ही डब्यांची हकीकत मला नंतर कळली. तेव्हा फक्त रांग दिसत होती. ती दवाखान्याच्या पायरीपासून निघून ओढ्यापर्यंत जाई.

मी दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो होतो. बाजार नव्हता अशा एका सकाळी नानांना भेटायला गेलो. ते मागच्या परसात तीन दगडांवर एक मोठे पातेले चढवून बसले होते. वासावरून कळले की काडेचिराईत उकळते आहे. आमच्याकडे ते तापावर घरोघर देतात. ते भयंकर कडू असते, आणि त्याने ताप जात नाही, हे मला नानांनीच शिकवले होते.

"तुम्हालाही ताप, नाना?"

"येतो, जातो."

"मग काडेचिराईत कशाला? घरात कोयनेल असताना?"

ते माझ्याकडे उजवा कान करून बसले होते. ऐकू आले नसेल असे मी समजलो. पुन्हा विचारले नाही. मोठ्या माणसाला दोनदा विचारायचे धैर्य माझ्यात नव्हते. इकडचे तिकडचे बोलून मी निघालो. वाटेत एवढे मात्र मनात आले की मागच्या बाजारी मी त्यांच्यापाशी तासभर उभा होतो, आणि त्यांनी एकालाही "कान वाजले का?" असे विचारले नव्हते. गर्दी फार, वेळ नसेल, असे मी स्वतःला सांगितले.

आमच्या शेजारी गंगाराम राहतो. मी त्याला गंगादादा म्हणतो. गिरणी बंद म्हणून तो बायकोला आणि दहा महिन्यांच्या मुलाला घेऊन गावी आला होता. त्याची बायको येसूवैनी. ती मुंबईत वाढलेली, भराभर बोलणारी. आमच्या वाडीतल्या बायकांना आल्या आल्या तिने केस बांधायची नवी तऱ्हा शिकवली होती. तिला ताप आला. गंगादादाने बाजारी रांगेत उभे राहून बाटली आणली. तिसऱ्या दिवशी तो आमच्या अंगणात आला.

"शांताराम, येसू म्हणते कान वाजत नाय. गेल्या साली गावी आली होती तेव्हा वाजले होते. मी काय म्हणतो, महाडला जाऊन पोस्टात कोयनेलाच्या पुड्या मिळतात त्या आणू काय? इथल्या पोस्टात संपल्यात."

महाड अकरा मैल. पहाटे निघाले तर माणूस दिवेलागणीला पुड्या घेऊन परत येतो. मला परसातले पातेले आठवले. नाही आठवले असे म्हणणार नाही. पण नानांवर मी संशय घ्यावा, हे मला पाप वाटले.

"नानांनी दिलंय ना? मग ते बरोबरच असेल," मी म्हणालो. "कडू आहे ना?"

"कडू हाय. लय कडू हाय."

"मग झालं तर."

तो मान हलवून गेला. मी शिकलेला होतो, म्हणून त्याने मला विचारले होते.

सहाव्या दिवशी येसूवैनीचा ताप डोक्यात गेला. ती मुंबईतल्या कोणाशी तरी बोलू लागली, पाण्याचा नळ बंद करायला सांगू लागली. दुपार व्हायच्या आत ती गेली. आणि तिचे दिवस व्हायच्या आधीच मुलाचे अंग तापले.

गंगादादा मुलाला खांद्यावर टाकून पोलादपूरला निघाला, मी त्याच्याबरोबर गेलो. बाजाराचा दिवस होता. रांग लागलेली होती, पण दार अजून उघडले नव्हते. आम्ही मागच्या बाजूने गेलो. नाना पातेल्यातले बाटल्यांत गाळत होते. गंगादादाने येसूची उरलेली बाटली कमरेला खोचून आणली होती.

"नाना, हीच देऊ काय पोराला? अर्धी हाय अजून."

नानांनी आधी मुलाकडे पाहिले, मग गंगादादाच्या मुंडण केलेल्या डोक्याकडे. त्यांना कोणी सांगितले नव्हते.

"कोण गेलं?"

"येसू."

त्यांनी गाळणे खाली ठेवले. "ती बाटली ओत," ते म्हणाले. "ओत तिथे. त्यात कोयनेल नाही."

आम्हाला समजले नाही. मग ते बोलू लागले. मान खाली, आणि आमच्यापैकी कोणाशीच नाही असे. डबा आला नाही, येईल येईल म्हणून वाट बघितली. पहिल्यांदा चौघांचे सहा जणांना केले. मग सहांचे बारांना. पाणी वाढले तसा कडूपणा गेला. लोक म्हणू लागले, नाना, आता औषधात जोर नाही. म्हणून काडेचिराईत घातले. मागच्या बाजारी जे वाटले त्यात दुसरे काहीच नव्हते.

गंगादादा उभाच होता. त्याच्या खांद्यावर मूल कण्हत होते.

"तुम्ही नाय म्हणाला असतात," तो म्हणाला, "तर मी त्याच दिवशी महाडला गेलो असतो."

"होय."

"दिवेलागणीला परत आलो असतो."

"होय."

"तिला ताप येऊन तेव्हा एकच दिवस झाला होता, नाना."

नानांनी एका बाटलीचे बूच काढून पुन्हा बसवले.

"मग नाय का म्हणाला नाय?"

मला वाटले होते, ते व्यापाऱ्याच्या मुलांचे नाव घेतील, किंवा डॉक्टरांचे. त्यांनी दाराच्या फटीकडे पाहिले. बाहेरून खोकल्याचे, मुलांच्या रडण्याचे आवाज येत होते.

"रांग होती रे," ते म्हणाले. एरवी ते आमच्याशी मुंबईच्या वळणाचे बोलत. आता त्यांच्या तोंडून गावची बोली आली. "एवढी रांग होती. नाय म्हणता आलं नाय."

गंगादादाचा हात वर गेला तेव्हा मी पुढे झालो. पण त्याने फक्त मुलाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतले.

"याला काय देऊ ते सांगा."

"माझ्याकडे काही नाही," नाना म्हणाले. "महाडला चल. मी येतो."

त्यांनी पातेले उचलून परसात पालथे केले. मग पुढचे दार उघडून पायरीवर उभे राहिले आणि मोठ्याने सांगितले की कोयनेल संपले आहे, बाटल्यांत असलेले काडेचिराईत आहे, मागच्या बाजारी दिले तेही तेच होते, ज्याच्या घरी कोणी आजारी असेल त्याने आज महाडच्या पोस्टात जावे. सगळे ऐकत होते. पण फार थोडे उठले. बाकीचे पेले आणि बाटल्या पुढ्यात घेऊन बसून राहिले. नाना परत आले की दार उघडेल, असे त्यांना वाटत असावे. "जे हाय ते द्या की हो," असे कोणीतरी मागून म्हणालेही.

मूल वाचले. महाडच्या पोस्टातल्या पुड्यांनी वाचले. आता ते चार वर्षांचे आहे आणि त्याची पानथरी दोन बोटे आहे. नाना पोलादपूरला परत आले नाहीत. गंगादादाच्या हाती जेवढ्या मिळाल्या तेवढ्या पुड्या त्यांनी पाठवल्या, कोणाकोणाला द्यायच्या ते सांगितले, आणि ते दासगावच्या दिशेने गेले, एवढेच कळले. पुढच्या वर्षी कोणी म्हणाले ते तापाने वारले, कोणी म्हणाले मुंबईला गेले. दवाखान्याच्या इमारतीत आता पेंढा भरतात. गावात त्यांना पुष्कळ शिव्या मिळाल्या आणि त्या बहुतेक खऱ्या होत्या. गंगादादाने मात्र माझ्या देखत त्यांना कधी शिवी दिली नाही, आणि दुसऱ्या कोणी दिली तर तो तिथून उठून जातो. तो मला विचारायला आला त्याआधीच मी परसातले पातेले पाहिले होते, हे मी त्याला अजून सांगितलेले नाही. या सुट्टीत सांगेन असे दर सुट्टीत ठरवतो.

शेवटचे मी नानांना पाहिले ते त्याच दिवशी, महाडच्या रस्त्यावर. वाडीत निरोप द्यायचा म्हणून मी मागे राहिलो होतो आणि दवाखान्याच्या पायरीवरून बघत होतो. उन्हे चढली होती. गंगादादा मुलाला घेऊन भराभर चालला होता. नाना वीस-पंचवीस पावले मागे होते. त्यांना त्या दिवशी खरोखरच ताप असावा, कारण ते मधेच झाडाला हात लावून थांबत आणि पुन्हा चालू लागत. गंगादादाने एकदाही वळून पाहिले नाही. रस्ता नदीकडे वळतो तिथे तो थांबला. पाठ आमच्याकडेच होती. मुलाला थोपटत तो नुसता उभा राहिला. नाना हळूहळू त्याच्यापर्यंत पोचले. मग तो चालू लागला, आधीपेक्षा सावकाश, आणि ते दोघेही वळणाआड गेले.